पोलीस मिळाले नाहीत म्हणून

टाकव्याच्या वर डोंगरात सात घरांची वाडी आहे. त्या वाडीतला मॅट्रिक झालेला पहिला माणूस नवसू, आणि जेलात गेलेलाही पहिला तोच. चराऊ रानावरून मारामारी झाली आणि नवसूच्या काठीनं एक माणूस दगावला. कोर्टात त्यानं ते नाकारलं नाही. त्रेसष्ट साली सात वर्षांची सजा लागली.

जेलात दिवसा सतरंज्या विणायच्या आणि उरलेल्या वेळात वाचायचं, असं त्यानं धरलं. बी.ए.ला बाहेरून बसायचं होतं. धावपळ करायला होती ती थोरली बहीण, बाया. लोणावळ्याला एका बंगल्यावर ती धुणीभांडी करायची. अक्षरओळख नव्हती. विद्यापीठाच्या कचेरीतल्या कारकुनानं फॉर्म चाळला आणि म्हणाला, "चांगल्या वर्तणुकीचा दाखला जोडा. प्रतिष्ठित गृहस्थाचा." बायाला वाटलं, हा थट्टा करतोय. थट्टा नव्हती. गावातल्या तिघा प्रतिष्ठितांनी तिला ओसरीखालूनच वाटेला लावलं. शेवटी नवसूचे जुने मास्तर, सखाराम गुरुजी, यांनी दाखला लिहून दिला.

सहासष्टच्या एप्रिलात परीक्षा आली. भावाला लांबून तरी बघावं म्हणून बाया सकाळपासून केंद्राच्या फाटकाशी उभी होती. अकराची घंटा झाली. सगळी पोरं आत गेली. नवसूला कुणी आणलंच नाही.

ती तशीच जेलवर गेली. जमादार म्हणाला, "न्यायला पोलीस मिळाले नाहीत. लोणावळ्याला मोठे पाहुणे आलेत, सगळे बंदोबस्ताला."

भेटीच्या जाळीमागं नवसू धुतलेल्या कपड्यांत आला. सहा वाजल्यापासून तयार होऊन बसला होता. "आक्का, ऱ्हाऊ दे आता," तो म्हणाला. "आपल्याला न्हाई जमायचं."

बायाच्या अंगाची लाही झाली. "तूच असं म्हनलास, तर मी कुनाच्या दारात उभी ऱ्हायले इतकी वर्सं?"

तिथून ती जेलच्या साहेबांपुढं गेली. "मला लिवून द्या."

"काय लिहून द्यायचं?"

"याला परीक्षेला का न्हाई नेलं, ते. सजा दिली ती जेलात ऱ्हायाची. शिकायचं न्हाई, असं जजसायबानं कुटं म्हनलंय? दावा मला."

"कैद्याला बी.ए. होऊन काय करायचंय, बाई?"

"ते त्याचं तो बघंल. तुमी कागद द्या."

साहेबांनी तिला बाहेर काढलं. ती पुढच्या सोमवारी आली, त्याच्या पुढच्याही आली. पाचव्या सोमवारी वैतागून त्यांनी दोन ओळी खरडून दिल्या. तो कागद जोडून गुरुजींनी वरपर्यंत अर्ज धाडला. पुढच्या साली परीक्षा जेलच्याच ऑफिसात झाली. एक टेबल, एक पर्यवेक्षक, आणि नवसू.

त्या परीक्षेत तो पास झाला, पुढच्याही तिथूनच दिल्या. सुटला तेव्हा बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. ते त्यानं बाहेर येऊन पुरं केलं. शाळांनी मास्तर म्हणून घेतलं नाही, तेव्हा सुदुंबऱ्याकडच्या एका कारखान्यात हजेरी लिहायला लागला.

लोक बायाला म्हणत, तुझ्यामुळं झालं. तिला ते ऐकवत नसे. "माझ्यामुळं कशापायी व्हावं?" ती फणकारायची. "पोलीस त्यांचे, जेल त्यांचं. आन् पोराचं वरीस वाया गेलं. त्याबद्दल कुनी साधं चुकलं म्हनलं न्हाई."