लोखंडातून फिरलेलं रक्त

वैद्यकातलं मला फारसं कळत नाही आणि लिहिण्याची सवयही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्या बळावर हे लिहायला बसलो, याची वाचकांनी क्षमा करावी.

साठ सालानंतरची गोष्ट. मी अमरावतीला इंटर सायन्सला होतो, घर अकोल्याला. दादाच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. बाबा त्याला ऑपरेशनसाठी मुंबईला घेऊन गेले. ऑपरेशन चालतं तेवढा वेळ यंत्र रक्त फिरवतं, हृदयाचं काम तेच करतं, हे मीच कुठंतरी वाचून घरी सांगितलं होतं. त्यावरच आई तयार झाली.

ऑपरेशन झाल्यावर काही दिवसांनी बाबांचं पाकीट मला अमरावतीला आलं. आत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. ती घेऊन मी प्राणिशास्त्राच्या सरांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचली.

"यंत्रातून जाताना रक्तपेशी फुटतात," ते म्हणाले. "तो लाल रंग लघवीत उतरलाय. मूत्रपिंडं तुंबलीत, म्हणून पाणी मोजून देताहेत. जास्त गेलं तर छातीत भरेल."

त्याच दुपारी मी बसनं अकोल्याला गेलो. आईला फक्त लघवी लाल होते एवढंच सांगू शकलो.

"लाल कावून होऊन राह्यली रे?" तिनं विचारलं आणि उत्तरही तिनंच दिलं. "लोखंडातून रक्त फिरवलं, गरमी चढली असंन त्याले. कॉलेजात जाऊन येवढं नाई समजत तुले?"

उन्हाळी लागली, लघवीला जळजळ झाली की आमच्याकडे धने-जिऱ्याचं पाणी देतात. शेजारचे चाचा कापड आणायला संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला निघाले होते. आईनं दोन बाटल्या भरून त्यांच्या हवाली केल्या.

"फिकर मत करो भाभी, अपने हाथ से पिलाऊंगा," चाचा म्हणाले.

मी तिथंच उभा होतो. नको म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि रक्त फुटतं हे आईसमोर माझ्या तोंडून निघेना. बाटल्या गेल्यावर ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या बसमध्ये मला बसवेना. मूर्तिजापूरला उतरलो, तारघर गाठलं आणि बाबांच्या नावानं इंग्रजीत तार केली: घरचं पाणी देऊ नका. बाहेर आल्यावर सुचलं की आमच्याकडे तार येते ती मरणाचीच. बाबांना इंग्रजी येत नाही. हातात तार पडताच त्यांना वाटणार, आई गेली. आणि चाचा तारेच्या आधी पोचले असतील तर?

पुढचे चार दिवस मी वर्गात बसत होतो, एवढंच आठवतं. पोस्टमन दिसला की उठून बाहेर जायचो.

पाचव्या दिवशी कार्ड आलं. बाबांनी शेजारच्या खाटेवरल्या माणसाकडून लिहवून घेतलं होतं. चाचा आधी पोचले होते. दादानं चार घोट घेतले तेवढ्यात नर्सनं बाटली ओढून घेतली. तार पाहून बाबा जिन्यातच बसले होते. एका शिकाऊ डॉक्टरानं वाचून दाखवल्यावर उठले. शेवटी दोन ओळी होत्या: "लघवी मोकळी झाली, लाल रंग गेला. आज डॉक्टरनं त्याले अर्धा कप चहा देल्ला."