मे महिन्यातला हीटर

महानंदाक्का आधी जीपच्या बॉनेटवर हात ठेवायच्या, मग तोच हात स्वतःच्या कपाळावर ठेवायच्या आणि निकाल द्यायच्या. "ताप न्हाय. चला." शाळा बुडवायला पोरगं खोटं आजारी पडलंय का, हे आई बघते ना, अगदी तसं. आणि हा निकाल कायम चुकायचा. अक्कांनी "ताप न्हाय" म्हटलं की पुढच्या चौकात बॉनेटखालून वाफ आलीच म्हणून समजा. पण पुढच्या वेळी परत तोच हात, तेच कपाळ, आणि तोच आत्मविश्वास.

अक्का सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमच्या घरासमोर राहायच्या. त्यांच्या मिस्टरांची बँड पार्टी होती. मिस्टर गेल्यावर सगळे पाहुणे म्हणाले आता बंद करा, म्हणून अक्कांनी ती चालू ठेवली. वाजवणारे पायी चालायचे, त्यांच्या पुढं क्लॅरिनेटवाले हुसेनमास्तर, आणि सगळ्यांच्या मागं जीप. जीपला लोखंडी ट्रॉली जोडलेली. ट्रॉलीवर जनरेटर, भोंगे, मिक्सर आणि एक कीबोर्डवाला, जो प्रत्येक खड्ड्याला सूर चुकायचा. जीप स्वतः अक्का चालवायच्या. इरकल साडी, पदर खोचलेला, पायात मुलाचे जुने स्पोर्ट शूज आणि डोळ्याला काळा गॉगल. नवरदेवापेक्षा जास्त फोटो अक्कांचे निघायचे आणि त्यांना ते माहीत असायचं.

"वरातीत पुढं जायचं नसतंय बाबा," त्या मला सांगायच्या, "नुसतं थांबायचं न्हाय. एवढंच. ज्याला घाई हाय त्यानं रिक्षा करावी की."

आणि घोळ तिथंच होता. माणूस चालतो त्याच्या निम्म्या वेगानं, मागं एवढी जड ट्रॉली, वर सोलापूरचं ऊन. इंजिनाला वारा कुठून लागणार? त्यात डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा कधीचा मेलेला. मागच्या सीझनला जुळे सोलापूर भागात भर वरातीत जीप बंद पडली. वाजवणाऱ्यांनी वाद्यं ट्रॉलीवर ठेवली आणि बँड ढकलत नेला. नवरदेवाच्या मित्रांनी व्हिडिओ काढला. तो फिरत फिरत पुण्याला अक्कांच्या मुलाला, शिवानंददादाला गेला.

अक्का फोनवर बोलायच्या तेव्हा स्पीकर चालू असायचा, त्यामुळं पुढचं सगळं गल्लीनं ऐकलं.

"आई, बास झालं आता. वीक ती गाडी आणि इकडं ये."

"अजून एकदा वरातीत बंद पडली, तर विकते अन् येते. तवर ह्या विषयावर फोन करायचा न्हाय."

दादानं दुसऱ्याच दिवशी ह्याच विषयावर फोन केला, ते सोडा. पण अक्का बोलल्या म्हणजे बोलल्या. जीप गेली की बँड गेला, हे सगळ्या गल्लीला कळत होतं. हुसेनमास्तर तर त्या दिवसापासून वाजवताना अर्धं लक्ष मागं ठेवून असायचे.

आता माझी एंट्री. मी तेव्हा नुकताच कॉम्प्युटरची डिग्री घेऊन बसलो होतो आणि नोकरी शोधत होतो, म्हणजे सकाळी उठून मोबाईल बघत होतो. त्यात मला एक व्हिडिओ दिसला. परदेशातला एक दाढीवाला माणूस, गाडीच्या मागं पाण्यातली बोट बांधलेली, डोंगर चढतोय, आणि समोर लावलेल्या मोबाईलवर इंजिनाचं सगळं दिसतंय. पाण्याचं टेंपरेचर, लोड, आरपीएम. एक काडेपेटीएवढं यंत्र गाडीत स्टिअरिंगखाली खोचायचं, ते ब्लूटूथनं मोबाईलशी बोलतं, बास. मी रात्रभर तसलेच व्हिडिओ बघितले. सकाळी मी एक्स्पर्ट झालो होतो. आयुष्यात मी कधी सायकलला कॅरिअरसुद्धा बसवलं नव्हतं, पण एक्स्पर्ट.

यंत्र आलं. ते खोचायची जागा सापडायला मला एवढा वेळ लागला की अक्का तेवढ्यात भाकऱ्या करून आल्या. मी पाय वर, डोकं खाली असा जीपमध्ये उलटा पडलेलो, आणि बाहेर हुसेनमास्तर कुणाला तरी सांगत होते, "बच्चा इंजिनेर है. तीन घंटे से क्लच कू देख रहा."

ॲप सुरू झालं आणि स्क्रीनवर आकडे हलायला लागले, तेव्हा अक्का वाकून बघायला लागल्या. गॉगल काढला, परत घातला. मग म्हणाल्या, "हे पोटातलं दिसतंय व्हय?"

"हो अक्का. हे टेंपरेचर. नव्वदच्या आसपास चांगलं. आणि हा लोड, इंजिन किती टक्के जोर लावतंय ते."

टक्के हा शब्द मी उच्चारायला नको होता. त्या दिवसापासून अक्कांनी लोडला मार्क समजलं. ट्रॉली ओढताना लोड पंच्याऐंशीवर गेला की गल्लीत सांगत सुटायच्या, "आज पंच्याऐंशी पडले हिला. ह्या कंप्युटरला बारावीला किती हुते, इचारा." मला किती होते ते गल्लीला माहीत होतं. जास्त लोड म्हणजे वाईट, हे मी त्यांना समजावायचा लई प्रयत्न केला. "जास्त मार्क वाईट? मग तू लई चांगला हाय की," म्हणाल्या.

माझं नावच कंप्युटर पडलं. काम एकच. वरातीत अक्कांच्या शेजारी मोबाईल धरून बसायचं आणि त्यांनी "येनप्पा, किती?" विचारलं की आकडा सांगायचा. येनप्पा म्हणजे काय रे बाबा. अक्का अक्कलकोटकडच्या, लाडात आल्या की कानडी यायचं आणि चिडल्या की पण कानडीच यायचं, त्यामुळं सुरुवातीला मला फरक कळायचा नाही.

आता माझा पराक्रम ऐका. सारखं विचारायला नको म्हणून मी ॲपमध्ये बोलणारा अलार्म लावला. ठरावीक टेंपरेचर ओलांडलं की बाई बोलणार. ते टेंपरेचर मी त्या बोटवाल्याचं जसंच्या तसं उचललं, त्याच्या बर्फाळ डोंगरातलं. वर शहाणपणा म्हणून सकाळी कीबोर्डवाला आला नाही तेव्हा गाणी लावायला माझाच मोबाईल ट्रॉलीच्या मिक्सरला ब्लूटूथनं जोडून दिला. पुढं कीबोर्डवाला आला. मोबाईल जोडलेलाच राहिला.

त्या दिवशी दुपारचा परण्या होता, म्हणजे नवरदेवाला मिरवत आधी मारुतीला आणि मग कार्यालयात न्यायचं. मास्तरांनी सूर लावला, पोरं नाचायला लागली, आणि चारही भोंग्यांतून एक इंग्रज बाई कडक आवाजात बोलली, "वॉर्निंग. इंजिन टेंपरेचर हाय." सगळे थांबले. घोड्यावर नवरदेव दचकला. बाई परत बोलली. माझ्या हातातून मोबाईल पायाखाली पडला, तो सापडेना, आणि बाई थांबेना.

नवरदेवाचे वडील जीपच्या खिडकीशी आले. "काय म्हणतीय ती?"

अक्कांनी शांतपणे गॉगल वर सरकवला. "नवरीकडून इंग्लिशमधी स्वागत हाय. नवीन पद्धत हाय ही."

वडिलांनी फेटा सावरला आणि भोंग्याला हात जोडले. मास्तर तर कमाल, बाई बोलली की तिच्या चालीवर क्लॅरिनेट फिरवायला लागले. पोरं "वॉर्निंग" वर नाचली. पुढच्या आठवड्यात एक पार्टी येऊन विचारून गेली, ती इंग्लिश बाई पण येणार का. टेंपरेचर म्हणाल तर काही झालं नव्हतं. सोलापुरात मे महिन्यात माणसाचंसुद्धा तेवढं असतं.

मला वाटलं अक्का आता मला जीपमधून उतरवणार. त्या म्हणाल्या, "आकडा बदल. बाई राहू दे."

खरी परीक्षा सीझनच्या शेवटच्या परण्याला आली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. अक्षतेची वेळ जवळ आलेली, कार्यालय समोर दिसतंय, आणि नवरदेवाच्या मित्रांनी चौकात गोल धरलेला. हलायला तयार नाहीत. आकडा चढायला लागला. शंभर. एकशे तीन. मोबाईल ह्या वेळी मिक्सरला जोडलेला नव्हता, त्यामुळं बाई माझ्या हातातच 'वॉर्निंग' बोलली.

"येनप्पा, किती?"

"एकशे पाच." मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. "अक्का, बंद करून गार करू या का?"

"बंद?" अक्कांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "बंद केली काय अन् पडली काय, लोकाला एकच दिसतंय. अन् मी शिवानंदला शब्द दिलाय. दुसरं सांग."

स्टिअरिंगवरचा त्यांचा हात घट्ट झाला होता. एरवी बॉनेटवर फिरणारा तो हात. मी त्या रात्रभर बघितलेल्या व्हिडिओंमध्ये डोकं खुपसलं आणि एक गोष्ट आठवली. ती आठवल्यावर ती तोंडातून बाहेर काढायलाच मला लाज वाटायला लागली.

"अक्का, हीटर लावायचा."

"कुटं?"

"गाडीत. आपल्यावर. इंजिनातली गरमी आत येते, इंजिन गार होतं."

"सोलापुरात. मे महिन्यात. हीटर." त्यांनी एकेक शब्द वेगळा काढून माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाल्या, "लाव."

ते बटण जीप घेतल्यापासून कुणी फिरवलंच नव्हतं. मी दोन्ही हातांनी फिरवलं. आत काहीतरी खडखडलं, आणि जाळीतून गरम वाऱ्याबरोबर अक्षता उडाल्या. तांदूळ, ज्वारी, कुंकवानं लाल झालेले दाणे. एवढ्या वर्षांच्या लग्नांत लोकांनी जीपवर उधळलेल्या, काचेखालच्या फटीतून आत जाऊन बसलेल्या. त्या सगळ्या आमच्या तोंडावर, डोक्यावर, माझ्या उघड्या तोंडात. अक्कांच्या गॉगलवर एक दाणा चिकटून बसला.

अक्का तो पुसायच्या आधी एवढ्या हसायला लागल्या की मला वाटलं आता जीप नाही, ह्याच बंद पडतात. "अरे, आमच्या मालकाच्या वेळच्या असतील रे ह्यातल्या काही," म्हणाल्या. मग हसणं थांबलं. त्यांनी मांडीवरचे दाणे गोळा करून पदराच्या टोकाला बांधले आणि खिडकीतून ओरडल्या, "मास्तर, आरती घ्या!"

मास्तरांनी एका क्षणात उडत्या गाण्यावरून आरती धरली. आता आरतीवर कोण नाचणार? पोरांचे वर गेलेले हात तसेच जोडले गेले. गोल सुटला. म्हाताऱ्या पुढं झाल्या, वरात चालायला लागली. जीपमध्ये आम्ही दोघं भट्टीत शेंगा भाजतात तसे भाजत होतो. मी आकडे वाचत होतो, एकशे सहा, एकशे सहा, एकशे चार, आणि घाम मोबाईलवर पडून स्क्रीन आपोआप भलतंच काही उघडत होती. कार्यालयाच्या दारात पोचलो तेव्हा शंभर होतं. जीप चालू होती. नवरदेवाचे वडील परत खिडकीशी आले, गरम वारा त्यांच्या तोंडावर बसला, आणि काही न विचारता ते मागं सरकले.

आता पुढचं जे झालं ते मला त्या वेळी अजिबात कळलं नाही. पंधरवड्यात अक्कांनी जीप विकली. ट्रॉलीसकट, एका मंडपवाल्याला. मी भांडायलाच गेलो. म्हटलं, बंद कुठं पडली, मग शब्द कुठं लागू होतो.

अक्का कपाट आवरत होत्या. "बंद पडली म्हनून विकली, असं कुनी म्हनायला नको," त्या म्हणाल्या. "चालू असताना सोडली. बँडवाल्यानं बी असंच करायचं असतंय, लोकं अजून वाजवा म्हनत असताना थांबायचं. मास्तरांना बी आता दम लागतोय, ते सांगत न्हाईत." मास्तरांचा दम माझ्या लक्षातच आला नव्हता. मी सगळा सीझन आकड्यांकडं बघत होतो.

मी ते यंत्र काढून घ्यायला निघालो, तर म्हणाल्या, "राहू दे. ताप बघायचं यंत्र पेशंटबरोबर जातंय." आणि पुण्याला जायच्या दिवशी रिक्षात बसताना त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला, मग स्वतःच्या कपाळावर. "ताप न्हाय. नोकरी बघ."

नोकरी लागली, सोलापुरातच नवी पेठेतल्या एका दुकानात बिलाचं सॉफ्टवेअर बघतो. ॲप मी मोबाईलमधून काढलेलं नाही. परवा भर दुपारी दुकानासमोर ट्रॅफिक तुंबलेलं, आणि माझ्या खिशातून ती इंग्रज बाई बोलली. वॉर्निंग. मला आधी कळेचना. मग बाहेर बघितलं तर जीप. तीच. मागं खुर्च्यांनी भरलेली ट्रॉली, आणि स्टिअरिंगवर एक घामाघूम अनोळखी माणूस.

मी चालत्या बिलावरून उठलो आणि अक्कांना फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. "अक्का, आपली जीप समोर आहे. बाई बोलली."

"येनप्पा, किती?"

"एकशे चार."

"मग हुबा काय ऱ्हायलास? जा, सांग तेला."

मी रिक्षांमधून वाट काढत गेलो, खिडकीतून वाकलो आणि त्या माणसाला म्हटलं, दादा, हीटर लावा. त्यानं माझ्याकडं जसं बघितलं तसं मला आजवर इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनीसुद्धा बघितलं नव्हतं. समजावत बसायला वेळ नव्हता. मी हात आत घालून बटण फिरवलं. आत खडखडलं, आणि त्याच्या शर्टावर दोन-चार लाल दाणे येऊन पडले.

तो त्या दाण्यांकडं बघत राहिला. माझ्या कानाला फोन तसाच होता.

"उडाल्या का रे?" अक्कांनी विचारलं.