सरपंचाचं अंथरूण

रविवारची दुपार. जेवण अंगावर आलंय, पंखा कुरकुरतोय, आणि गार्गी सरपंचाच्या पेटीशेजारी फरशीवर पालथी पडलीय, एक हात पेटीत सोडून. सरपंच म्हणजे तिचं कासव. परदेशी जातीचं, रीतसर कागदपत्रांसकट आणलेलं, ताटलीएवढं. चार दिवस झाले, त्यानं पानाला तोंड लावलेलं नाही. डोळे सुजून मिटलेत. वक्तृत्वाच्या ढाली मिळवत तालुकाभर फिरणारी गार्गी त्याच्यापुढे अगदी गप्प झालीय, कारण एक गोष्ट तिला माहीत आहे आणि ती तिनं कुणालाच सांगितलेली नाही.

सकाळी डॉक्टरांनी फोनवर पहिलंच विचारलं होतं, "पेटीत खाली काय घातलंय?"

"वर्तमानपत्र," गार्गी म्हणाली. धडधडीत खोटं.

खाली भुसा आहे. सागवानी, पिठासारखा बारीक, अरूमामाच्या सुतारशाळेतला. मामा जाऊन पाच महिने झाले. ही पेटी त्याच्या हातची, शेवटची. "पेटी माझी, अंथरूण तुझं. खाली काय घालायचं ते तू ठरव," असं म्हणाला आणि पुढच्या आठवड्यात गेलाच. सुतारशाळा विकली, करवती गेल्या. गार्गीनं एक पोतं तेवढं ओढून घरी आणलं. त्यात नाक घातलं की मामा येतो.

पापण्या जड होतात. बोटं भुशात रुततात. मग मनगट, मग कोपर. अरेच्चा, पेटी एवढी खोल कधी झाली? खांदा आत जातो, डोकं आत जातं, आणि ती धपकन पडते ती थेट सुतारशाळेत.

गोल करवत सुरू आहे. खंडेनवमीची झेंडूची माळ अजून तिच्यावरच आहे, आणि फिरत्या दात्यांनी चिरली जाऊन फुलं भिंतींवर फटाफट आदळतायत. पलीकडे मामा. कानावर पेन्सिल, गळ्यात तो मास्क, जो त्यानं जन्मात कधी नाकावर चढवला नाही.

"मामा!"

"मामा नि बिमा काय!" तो हातोडा उचलतो आणि टेबलावर असा घालतो की टेबल मधोमध फाटतं. "कासवाखाली काय घातलंस?"

"वर्तमान..."

दुसरा घाव. खिडकीची काच फुटून गार्गीच्या केसांत येते.

"माझ्याशी पण खोटं?"

"भुसा!" ती किंचाळते. "तुझाच भुसा! त्यात काय एवढं?"

"त्यात काय एवढं? ये, दाखवतो!"

तो तिचं मनगट पकडतो. उजव्या हाताचं मधलं बोट त्याचं करवतीनं कधीच नेलेलं. उरलेली चार बोटं पकडीसारखी आवळतात. तो तिला फरफटत दाराबाहेर काढतो. बाहेर शाळेचं मैदान आहे, प्रार्थनेला उभे राहतात ते, आणि ते गुडघाभर भुशानं भरलंय. मधोमध बक्षीस समारंभाचा मंच. मामा एका लाथेत तो उलथवतो. गार्गीच्या ढाली खणखणत सगळीकडे उडतात, आणि ती काही बोलायच्या आत तो तिचं तोंड भुशात दाबतो.

नाकात भुसा. घशात, डोळ्यांत. डोळे चुरचुरतात, फुगतात, उघडेनासे होतात. ती हात झाडते, लाथा मारते, एक लाथ मामाच्या नडगीवर सणसणीत बसते, तरी पकड सुटत नाही.

"कसं वाटतंय, गार्गे?"

"सोड... श्वास..."

"सरपंच चार दिवस असाच आहे. त्याला सोड म्हणता येत नाही. मी तीस वर्षं असाच होतो. मला म्हणता येत होतं, तरी म्हटलं नाही. गाढव मी!"

हात सुटतो. गार्गी खोकत खोकत उठते, ती सरळ त्याच्या अंगावर. मुठींनी त्याची छाती बडवते. छाती रिकाम्या पिंपासारखी वाजते आणि प्रत्येक ठोशासरशी मामाच्या नाकातोंडातून भुशाचा लोट बाहेर येतो.

"न सांगता गेलास! सगळं विकलं त्यांनी! एवढं एक पोतं उरलंय तुझं, आणि तेपण टाकून देऊ?"

मामा मार खात उभा राहतो. मग हसतो, किडका दात दाखवत, नेहमीसारखा.

"अगं बये, भुसा म्हणजे मी होय? भुसा म्हणजे मी कापून टाकलं ते. झाडून कोपऱ्यात लोटलं ते. मी ठेवलं ते बघ की."

"काय ठेवलंस?"

"पेटी. चारी सांध्यांत एक खिळा सापडला तर नाव बदलीन."

गार्गी नाक पुसते. बाहीला भुसा लागतो. "मग खाली काय घालू?"

"मला काय विचारतेस? तुझं काम ते. नाकानं ठरवलंस, आता डोक्यानं ठरव. राहतो कुठे हा गडी? वखारीत?"

"मातीत," ती म्हणते. आणि मग तिच्या तोंडाला चाकं फुटतात. "परसात नारळाची सोडणं पडलीयत ढीगभर! ती कुटून काथ्या काढते, त्यात लाल माती. उकरता आलं पाहिजे त्याला."

"ओल किती?"

"मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पाणी गळू नये."

"आता बोललीस सुताराच्या भाचीसारखं! आणि डॉक्टर?"

ती पायाकडे बघते. "सांगते खरं."

मामा मान डोलावतो आणि कुठून तरी पोतं ओढतो, तिचं पोतं, आणि ते थेट करवतीवर फेकतो. पोतं फाडत करवत ओरडते. भुसा स्फोटासारखा आभाळभर उडतो. गार्गी तो धरायला झेपावते, पण मामा तिचं मनगट धरून ठेवतो, हाड मोडेल इतकं घट्ट.

"जाऊ दे," तो म्हणतो. "जाऊ दे गं."

पंखा बंद आहे. वीज गेलीय. गार्गीचा हात अजून पेटीतच आहे आणि मनगट पेटल्यासारखं जळतंय.

ती सरपंचाला उचलते, ओंजळीत धरते आणि डॉक्टरांना फोन लावते. "सर, मी सकाळी खोटं बोलले. खाली सागवानी भुसा आहे." पलीकडून एक झणझणीत बोलणं, मग सूचना: आत्ताच्या आत्ता तो काढ, कोमट पाण्यात बसव, पाचच्या आत घेऊन ये.

भुसा माडाच्या आळ्यात जातो. पोतंही रिकामं होतं. आई शेजारी बसून सोडणं कुटू लागते. कोमट पाणी आणि दवाखाना उरकून आलेला सरपंच नव्या अंथरुणावर बराच वेळ दगडासारखा बसतो. मग पुढचा पाय काथ्यात रोवतो. एकदा उकरतो. पुन्हा उकरतो.

"हे काय उठलंय?" आई तिचा हात ओढते.

मनगटावर लाल वळ आहेत. सागाच्या भुशानं अंग उठतं, हे सुतारांच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. पण वळ चार आहेत आणि त्यांच्या मधोमध एका बोटाची जागा कोरी आहे.

आई भावाचं नाव घेत नाही. नुसतं आपलं बोट त्या कोऱ्या जागेवर ठेवते. बरोब्बर बसतं.