अर्ध्या पानाचं कॅलेंडर

नव्वदच्या सुमारास मी धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लासचे मालक निवृत्त प्राध्यापक. आम्ही त्यांना सर म्हणायचो. सरांनी जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या होत्या, आणि कशा तपासल्या तेही ते कौतुकानं सांगायचे. पेपर हातात घ्यायचा, दोऱ्यानं किती पुरवण्या बांधल्यात ते बघायचं, पोराची कुवत कळते. त्यांच्या विषयात हे चालत असेल तर असो बापडं. पण प्रोग्रामही ते याच मापानं मोजायला लागले तेव्हा माझं डोकं फिरलं.

जळगावला क्लासची शाखा निघणार होती आणि तिथे शिकवायला आमच्यातलाच एक विद्यार्थी घ्यायचा होता. माझ्या डोळ्यांसमोर अमळनेरहून एसटीनं येणारी एक मुलगी होती. कीबोर्डला हात लावायच्या आधी ती बराच वेळ नुसती बसून राहायची. सरांना वाटायचं, हिला येत नाही. शिकवायला लागल्यापासून असं डोकं मी दुसरं पाहिलं नव्हतं. नोकरी लागली तर पुढचा कोर्स कर, नाहीतर धुळ्याच्या फेऱ्या बंद, असं तिला वडिलांनी बजावलं होतं.

सरांनी परीक्षा ठेवली. कुठलंही वर्ष आणि महिना सांगितला की पडद्यावर त्याचं कॅलेंडर आलं पाहिजे. एका मुलानं बारा महिन्यांचं बारा वेळा वेगवेगळं लिहिलं, लीप वर्षं एकेक करून हातानं भरली. प्रिंटरचा कागद टेबलावरून थेट फरशीवर लोळत होता. मुलीचा प्रोग्राम अर्ध्या पानात संपला.

"बाकीचं कुठे आहे?" सरांनी विचारलं.

घाबरली की ती घरच्या बोलीत यायची. "बठ्ठं इतलंच शे, सर." सगळं एवढंच आहे म्हणे.

मी दोन्ही प्रोग्रामना पुढच्या शतकातलं एक वर्ष दिलं. मुलाचा अडकून बसला. मुलीच्या प्रोग्रामनं मुकाट्यानं कॅलेंडर दाखवलं.

"पुढच्या शतकाचं पुढच्या शतकात बघू, मॅडम," सर म्हणाले. "पोराची मेहनत बघा ना."

लहान लिहायलाच जास्त डोकं लागतं, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. ते म्हणाले, सोपं असतं म्हणून लहान होतं. तासभर घसा कोरडा केला आणि निवड त्या मुलाचीच झाली.

महिन्याभरात मुलाला घरच्या दुकानावर बसावं लागलं आणि जागा पुन्हा रिकामी झाली. सरांनी परीक्षाही तीच ठेवली, कारण नवा प्रश्न काढायचा त्यांना कंटाळा. या खेपेला मुलीच्या कागदाच्या घड्या उलगडता उलगडेनात. प्रत्येक महिन्याला वेगळं पान, प्रत्येक पानाला मथळा. सरांनी तो गठ्ठा हातात तोलून बघितला.

"आता कशी तयारी दिसते," ते म्हणाले, आणि तिथल्या तिथे तिला जळगावची जागा दिली.

मी तिला जिन्यात गाठलं. "हेच करायचं होतं तर मी भांडले कशाला?"

तिनं कागदाचं वरचं टोक माझ्या हातात दिलं. "मॅडम, पहिली ओळ वाचा ना."

पहिल्या ओळीत कॉम्प्युटरला सांगितलं होतं, मधलं काही न वाचता सरळ शेवटच्या पानावर जा. शेवटच्या पानावर तिचा जुना प्रोग्राम होता, एक अक्षरही न बदललेला. मधली सगळी पानं सरांसाठी होती.

ती हसत होती. मला हसू येईना. असं डोकं हजारात एखाद्याला मिळतं, आणि आम्ही त्याला पहिलं काम दिलं ते पुरवण्या जोडायचं.