तुळ्ळी पनियडिमा आणि रॉकेलची बाटली

पनियडिमाला केरळच्या दक्षिण टोकाच्या आमच्या किनाऱ्यावर कुणी नुसत्या नावानं हाक मारत नसे. तो तुळ्ळी पनियडिमा. तुळ्ळी म्हणजे थेंब. होडीच्या इंजिनाच्या टाकीत रॉकेल ओतताना कॅन उपडा धरून तो शेवटचा थेंब पडेपर्यंत जागचा हलायचा नाही, म्हणून मासळीवाल्या बायकांनी हे नाव ठेवलं. त्याला राग येत नसे. उलट म्हणायचा, "मला थेंब म्हणता, मग सांडणाऱ्याला काय म्हणाल?"

त्याच्या होडीवर मी आणि सूसै कामाला होतो. समुद्र शांत होता अशा एका दुपारी जाळी किनाऱ्यावरच ठेवून त्यानं आम्हाला बाहेर काढलं. इंजिनाची नळी टाकीतून सोडवून त्यानं ती पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घातली. बाटलीवर खिळ्यानं रेघा ओढलेल्या. त्यात रॉकेल भरून ती फळीला उभी बांधली आणि चर्चच्या मनोऱ्यापासून काळ्या खडकापर्यंत होडी पळवली. आधी इंजिनाची वेग वाढवायची मूठ पूर्ण पिळून. मग बाटली पुन्हा भरून, मूठ जराशी सैल सोडून. मग आणखी सैल.

सूसै वैतागला. "चेट्टा, अरे दादा, आपण मासे धरणारे की बाटली बघणारे?"

"मासे कुठे पळून जात नाहीत. इकडे बघ."

आम्ही बघितलं. पूर्ण मुठीनं गेलो तेव्हा बाटलीचा तळ दिसत होता. मूठ थोडी सैल केली तेव्हा खडक यायला जरासाच उशीर झाला, पण बाटलीत चांगलं उरलं होतं.

"शेवटच्या पिळाला होडी पळत नाही," तो म्हणाला, "नाक वर करून नुसतं पाणी ढकलते. आणि त्या मिजाशीचं रॉकेल आपण भरायचं!"

मूठ जिथवर पिळायची, त्या जागी त्यानं खूण म्हणून लाल चिंधी बांधली. बर्फाची पेटी आणि नांगर पुढे सरकवले, तसं होडीचं नाक खाली बसलं. इंजिनाच्या पंख्याच्या पात्यांच्या खडबडीत कडा कानशीनं घासून काढल्या. दर रविवारी चर्चमधून आलो की होडी आडवी करायची आणि तिच्या बुडाला धरलेलं शेवाळ नारळाच्या सोडणानं खरवडायचं. माझी सुट्टी त्यातच जायची.

होडीवर माणूस म्हणून तो फार कटकट्या होता, हेही सांगायला हवं. चिंधीच्या पुढे कुणाचा हात गेला की तो चापट मारायचा. किनाऱ्यावर मासळीच्या लिलावाला आम्ही मागून पोचायचो, मागच्या होड्या पुढे जाताना लोक ओरडायचे, "तुळ्ळी, दोर टाकू का? ओढून नेतो!" त्याची बायको मेटिल्डा मासळी विकायची, ती म्हणायची, "सगळे तीनदा जाऊन येतील, तोवर माझा नवरा बाटलीशी बोलत बसेल." यावर त्यानं एकच उपाय केला. बाकीच्यांच्या आधी जाळं ओढून परत निघायचं. जाळ्यात मासा येत असताना निघायचं सूसैला सहन झालं नाही. तो दुसऱ्या होडीवर गेला.

त्याच वर्षी पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ तदेवूस दुसऱ्या दोघांबरोबर होडी घेऊन समुद्रात गेला आणि परत आला नाही.

पहाटेच सगळा किनारा उठला. पोरं जिकडे गेली होती तिकडे, पश्चिमेला, होड्या सुसाट सुटल्या. मीही पनियडिमाच्या होडीत उडी मारली. तो मात्र वाळूवर उभा राहून वारा बघत होता.

"अहो चला ना!"

"कुठे चला? त्यांचं इंजिन बंद पडलं असणार, आणि बंद इंजिनाची होडी वाऱ्याशी भांडत नाही. वारा वायव्येचा, पाण्याची ओढ दक्षिणेला. पोरं कुळच्चलच्या बाजूला वाहत गेली असणार." त्यानं शीड म्हणून वल्ह्याला ताडपत्री बांधली. लाटा ओलांडल्यावर इंजिन बंद केलं आणि शीड धरून वाऱ्याबरोबर निघाला.

माझं डोकं फिरलं. "तुझा भाऊ असता तर असं रमतगमत गेला असतास का? चालू कर इंजिन!" मी मूठ धरायला गेलो. त्यानं माझं मनगट घट्ट पकडलं.

"क्लीटस, पोरं दिसली आणि परत ओढून आणायला रॉकेल नसलं, तर काय करशील? बसून रड, पण माझ्या हाताला हात लावू नकोस."

मी खरंच रडलो. तो समुद्र बघत राहिला. वारा पडला की चिंधीपर्यंत मूठ पिळायचा, वारा सुटला की इंजिन बंद. दुपार कलायला लागली तेव्हा त्यानंच पहिल्यांदा पाहिलं. लांब लाटांवर एका होडीतून कुणीतरी शर्ट हलवत होतं.

तदेवूसचे ओठ फाटले होते, बोलता येत नव्हतं. मेटिल्डानं दिलेली पेज पनियडिमानं तिघांना घोटाघोटानं पाजली, मग दोर बांधला. येताना वारा तोंडावर, मागे दुसरी होडी. इंजिन कण्हत होतं, पण थांबलं नाही. पश्चिमेला गेलेल्या होड्या टाक्या रिकाम्या होत आल्या म्हणून दुपारच्या आतच परतल्या होत्या, हे आम्हाला किनाऱ्यावर कळलं. तिथे माझी आई पनियडिमाच्या पायाशी वाळूत बसली. त्यानं तिला दोन्ही हातांनी उठवलं. "आई, अगोदर पोराला घरी ने."

नंतर लोक रॉकेल वाचवायची युक्ती शिकायला त्याच्याकडे यायला लागले. आधी लाजत, एकेकटे. सूसै आला तेव्हा पनियडिमानं त्याला आधी मनसोक्त शिव्या घातल्या आणि मग त्याच्या पंख्याला कानस लावली. तदेवूस त्याच्या होडीवर कामाला लागला, पण कटकट सहन न होऊन ओणमच्या आधीच पळाला. त्याला वाचवणाऱ्यालाही त्याचं काही वाईट वाटलं नाही.

पुढच्या वर्षी चर्चच्या सणाला पाद्रींनी पनियडिमाला शाल द्यायचं ठरवलं. आम्हाला वाटलं, नको म्हणेल. छे! नवा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी हजर. शाल घेतली, माईक धरला आणि होडीचं नाक खाली का हवं इथून जी सुरुवात केली, ती आवरेचना. लोक एकेक करून जेवणाच्या पंगतीकडे सटकले. शेवटी पाद्रींनीच हळूच माईक बंद केला. त्याला ते कळलंही नाही. पहिल्या रांगेत मी आणि मेटिल्डा दोघंच उरलो होतो.

"तू जा जेवायला," ती मला म्हणाली. "मी ऐकते."

मी गेलो नाही.