भांडं बहिरं असतं

खरं सांगू? हे सदर मी नेमाने वाचते ते हसण्यासाठी. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोणीतरी येऊन बसतं… आणि मी चहा पिता पिता ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवते, मग दोघं खिदळतो. अमावास्येला केस कापणारी, आडव्या गेलेल्या मांजराला बोलावून बिस्किट घालणारी बाई आहे मी. त्यामुळे आज मीच लिहायला बसले म्हटल्यावर प्रशांत, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "आता लोक तुला हसणार." हसू देत. माझी पाळी आलीय.

मी पेणला राहते. माहेर रोह्याचं, म्हणजे कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीत. डिझाइनची कामं घरूनच करते – पोहे-पापडांची पाकिटं, गणपती कारखान्यांची कार्डं, लग्नपत्रिका. सगळं आपलं कॉम्प्युटरमधल्या तयार फॉन्टवर. एकदा दुकानात मीच केलेलं पापडाचं लेबल आणि मीच केलेलं फिनाईलचं लेबल शेजारी शेजारी दिसलं, आणि दोन्हीवर अक्षरं तीच! शी. तिथल्या तिथे ठरवलं, अक्षर शिकायचं. हाताने. मग दर रविवारी दुपारचा ऑनलाइन क्लास लावला. सरांनी आधी कितीतरी रविवार नुसते उभे दांडे आणि गोलाया काढायला लावल्या. या वयात हात दुखेपर्यंत दांडे गिरवताना माझा मलाच राग यायचा, पण सोडवतही नव्हतं.

मग प्रोजेक्ट आला. "तुमच्या गावातला एक हात शोधा," सर म्हणाले, "आणि त्याच्या वळणावरून पूर्ण वर्णमाला बांधा." कुणी धरमतरच्या होड्यांवरची नावं घेतली, कुणी ट्रकच्या मागची. मी डोकं खाजवत स्वयंपाकघरात गेले, आणि हाताला लागला आईने दिलेला पिठाचा डबा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी माझं माहेरचं नाव. बाबांच्या हातचं.

माझे बाबा भांड्यांवर नावं घालायचे. रोह्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसायचे. मांडीवर फडकं, फडक्यावर भांडं, हातात ते सुईचं इलेक्ट्रिक मशीन. ट्रर्रर्र! शाळा सुटली की मी त्या आवाजाकडे चालत जायचे. बायका तिथे उभ्या राहून भांडायच्या – 'सौ.' विसरलात, 'मामाकडून' मोठं काढा, 'आत्याकडून' बारीक चालेल. बाबा कुणाचंच ऐकायचे नाहीत. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, तो नाकावर चढवायचे आणि सुरू. कागदावर न लिहिता, थेट.

त्यांचा एक नेम होता. आधी सगळी अक्षरं घालायची, पण डोक्यावरची रेघ नाही. मग भांडं ज्याचं, त्याला म्हणायचे, "हां, आता नाव बोल. पूर्ण." भांड्यावर पहिलंच नाव असे, पण बोलायचं आडनावासकट. नव्या नवऱ्या लाजून पुटपुटायच्या. मग बाबा ओरडायचे, "मोठ्यानं बोल गो, भांडं बहिरं असतं!" सगळा बाजार हसायचा. नाव खणखणीत आलं की एका दमात रेघ, शेवटी नजर लागू नये म्हणून एक ठिपका, आणि वरचा चुरा उडवायला जोरात फुंकर. घ्या तुमचं भांडं.

क्लासमध्ये मला पहिल्यांदा कळलं की फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापली रेघ डोक्यावर घेऊनच येतं, शेजारी शेजारी ठेवली की जुळल्यासारखी दिसतात, एवढंच. बाबांची रेघ तशी नव्हती. ती सगळी अक्षरं जमल्यावर यायची. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, आणि हे सांगायला ते नाहीत याचं मला त्या रविवारी फार वाईट वाटलं.

आता वैजूचं सांगते. अनुभव तिचा आहे, माझा नाही.

वैजयंती आमच्याकडे संस्थेतून आली तेव्हा चार वर्षांची होती. नाव संस्थेनेच ठेवलेलं, आम्ही तेच ठेवलं. गोड पोर, जेवण-खाण ठीक, पण बोलायची नाही. "पाणी", "नको", "झालं" – संपलं. आणि नाव तर नाहीच. पेणला ज्याच्या त्याच्या तोंडी पहिला प्रश्न, "बाळ, नाव काय तुझं?" ही खाली बघायची. मला तर ती कशानेच हाक मारायची नाही. काही हवं असलं की येऊन ओढणी ओढायची.

दत्तकाचा शेवटचा आदेश अजून व्हायचा होता. संस्थेच्या ताई अधूनमधून बघायला यायच्या. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, "वैजयंती, इथे आवडतं का?" ही दाराआड. ताई निघताना हळूच म्हणाल्या, "मूल अजून रुळलेलं दिसत नाही. पुढच्या वेळी बघू." त्यांचा काय दोष? पण 'बघू' या शब्दाने माझी झोप उडाली. परत नेलं तर? तिला इथे राहायचंच नसलं तर? प्रशांत म्हणायचा, "अगं, वेळ दे तिला." मी मान डोलवायचे आणि बाथरूममध्ये जाऊन रडायचे.

ऑक्टोबरच्या सुट्टीत तिला घेऊन अष्टमीला आईकडे गेले. म्हटलं, बाबांच्या अक्षरांचे फोटो काढू, घराघरातली भांडी बघू. शेजारच्या सलमाचाचीने तर लग्नातली सगळी भांडी अंगणात मांडली. "तुझ्या बापानं घातलेली नावं हायत गो, पुसायची नायत ती," म्हणाली. तिचा नवरा कुवेतला असतो. त्याच्या नावाच्या ताटात ती त्याच्या माघारी कुणाला वाढत नाही.

मग मला खुमखुमी आली. माळ्यावरून बाबांचं मशीन काढलं. आश्चर्य म्हणजे चालू झालं! जुन्या झाकणांवर सराव केला. काय ते अक्षर… सुई नुसती पळत होती. दोन दिवसांनी जरा वळण आलं तशी मी वैजूसाठी एक छोटं स्टीलचं फुलपात्र घेतलं आणि मागच्या पडवीत बसून 'वैजयंती' घातलं. पोर स्वयंपाकघराच्या दारातून लांबून बघत होती. अक्षरं झाली. मात्रा झाल्या, अनुस्वार झाला. रेघ मारायला सुई टेकवली, आणि मशीनमधून जळका वास आला. बंद.

"राहिली रेघ," मी वैतागून म्हटलं.

आई मागून म्हणाली, "बरा झाला. बोलल्याबिगर रेघ कुठली? तो असता तर मारली असती काय?"

 ज्या पोरीने आजवर स्वतःचं नाव घेतलं नाही, तिच्या भांड्याला मी घाईने रेघ मारायला निघाले होते. फुलपात्राकडे बघवेना. मात्रा नि अनुस्वार नुसते हवेत लटकलेले. आईने ते मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिलं. संध्याकाळी प्रशांत आला तो मशीन घेऊन पेणला गेला, तिथे त्याच्या ओळखीचा एक मेकॅनिक होता. म्हणजे हे लक्षात घ्या – त्यानंतर मशीन घरात नव्हतं.

रविवार. दुपार. आई देवळात कीर्तनाला गेलेली. वैजू आतल्या खोलीत झोपलेली. मी पुढच्या खोलीत कानाला हेडफोन लावून क्लासला बसले होते. सर कुणाचं तरी काम तपासत होते म्हणून मी पाणी प्यायला हेडफोन काढले.

ट्रर्रर्र.

खरं सांगते, मला भीती नाही वाटली. मी लहान झाले. शाळा सुटलीय, बाजारातून चाललेय, बाबा तिकडे बसलेत… इतकं ओळखीचं वाटलं की क्षणभर त्यात काही चुकतंय हेच कळलं नाही. आवाज थांबला. आणि मग घरभर घुमेल असा आवाज आला, जो मी कधीच ऐकला नव्हता –

"वैजयंती प्रशांत पाटील!"

पुन्हा ट्रर्रर्र. एका दमात, लांब. मग एक छोटासा 'टक्'.

मी धावले. पडवीत वैजू एकटी उकिडवी बसली होती, बाबांच्या जुन्या स्टुलासमोर. हातात फुलपात्र. मला बघून तिने त्यावर जोरात फुंकर मारली, अंगठ्याने पुसलं आणि माझ्यापुढे धरलं.

रेघ होती. 'व'च्या थोडी आधी सुरू झालेली, 'ती'च्या पुढे जरा वर उचलत गेलेली. शेवटी ठिपका.

 तिथेच खाली बसले. "कोणी केलं हे, वैजू?"

"मशीनवाल्यांनी."

"काय म्हणाले?"

तिने मान वाकडी केली, आठवलं, आणि अगदी त्याच सुरात म्हणाली, "मोठ्यानं बोल गो, भांडं बहिरं असतं." आणि हसली! मी तिला इतकं हसताना पहिल्यांदा बघितलं.

आई आली तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलेल्या. तिला म्हटलं, "तू हिला बाबांचं ते 'भांडं बहिरं असतं' सांगितलंस का?" "मी कशाला सांगतेय? माझ्या तरी कुठं ध्यानात होता?" मग मी वैजूला पुढच्या खोलीतल्या हार घातलेल्या फोटोसमोर नेलं. "हेच होते का?" तिने निरखून बघितलं आणि मान हलवली. "हे नाय." मला हायसं वाटलं की वाईट वाटलं, देव जाणे. तेवढ्यात ती म्हणाली, "त्यांना चष्मा होता. दोरीवाला."

स्टुडिओत काच चमकते म्हणून त्या फोटोच्या वेळी चष्मा काढायला लावला होता. चष्म्यातला त्यांचा एकही फोटो घरात नाही. 

आणि कुंपणापलीकडून सलमाचाची, "मशीन रिपेर झाला काय गो? आवाज ऐकला. म्हटलं, माझी परात पण आणू काय?"

मी प्रशांतला फोन लावला. मशीन पेणला मेकॅनिकच्या टेबलावर, उघडून ठेवलेलं. कॉइल जळलेली.

प्रशांतने पुढे पुष्कळ तर्क लढवले. मीच रेघ मारली असेन आणि विसरले असेन. शेजारी कुणाचं तरी ड्रिल चालू असेल. बाबांचं बोलणं आमच्याच तोंडून कधीतरी पोरीच्या कानावर पडलं असेल. असेलही, मी नाही म्हणत नाही. पण फुलपात्र होतं त्या वरच्या फळीवर आईचासुद्धा हात स्टुलावर चढल्याशिवाय पोचत नाही, आणि स्टूल पडवीत होतं. शिवाय पुढच्या रविवारी मी फुलपात्राचा फोटो क्लासमध्ये दाखवला, कुणाला काही न सांगता. सरांनी मोठा करून बघितला. म्हणाले, "अक्षरं तुमची आहेत. छान, अजून जरा दबकत लिहिता. पण ही रेघ तुमची नाही. कोणाची आहे?" मी कॅमेरा बंद केला. डोळे वाहत होते.

संस्थेच्या ताई आल्या. "कशी आहेस ग?" म्हणेपर्यंत पोरीने पूर्ण नाव अशा आवाजात ठोकून दिलं की त्यांच्या हातातला चहाचा कप हिंदकळला. त्या हसल्या, मी हसले. आदेश झाला. प्रशांतने मिठाई वाटली, आणि मी बाबांच्या नावाने एक पेढा अष्टमीला जाऊन पडवीत ठेवला. मी! मांजराला बिस्किट घालणारी! पेढा मुंग्यांनी खाल्ला, तेही सांगून टाकते.

त्यानंतर तसं काही घडलं नाही. मशीन दुरुस्त होऊन आलं, मी पडवीत तासन् तास कान लावून बसले. एकदा हळूच म्हटलंसुद्धा, "बाबा, माझा 'ळ' बघा ना, पोट फार सुटतंय त्याचं." काही नाही. नुसता नारळाच्या झावळ्यांचा आवाज. काय झालं होतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं, आजही कळलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा, पण ड्रिलचं सोडून.

वर्णमाला मात्र पूर्ण झाली. शेवटच्या सरावाला, एका दुपारी, मी त्याच पडवीत एका वाटीवर दोनच अक्षरं घातली, 'आई'. माझ्या आईला द्यायची होती. सवयीने रेघ बाकी ठेवली. वैजू येऊन गुडघ्याला टेकून उभी राहिली. आता ती वाचायला शिकतेय.

"ही कोणाची?"

मी सांगणार होते, आजीची. पण तिने वाटी हातात घेतली, एकेका अक्षरावर बोट फिरवलं, आणि माझ्या तोंडाकडे बघून, बहिऱ्या भांड्याला ऐकू जाईल एवढ्या जोरात म्हणाली, "आई!"

आतून माझी आई काय झालं म्हणून धावत आली.

"आता मार रेघ," वैजू म्हणाली.

मारली. रेघ वेडीवाकडी गेली, सरांना दाखवण्यासारखी मुळीच नाही. शेवटी ठिपका दिला. फुंकर वैजूने मारली.