साहेबाच्या धुराड्याखालची चूल

माधवनगरातल्या त्या बंगल्याला आता तिकीट लागतं. संस्थानच्या नोकरीतल्या एका इंग्रज इंजिनिअरानं तो बांधला. हातभर जाड भिंती, तीन बाजूंना व्हरांडा, छताजवळ दोरीनं उघडायची रोशनदानं. घरात धूर नको म्हणून स्वयंपाकघर मात्र अंगण ओलांडून, तबेल्याशेजारी. आणि जेवणघरात थंडीत शेकायला भिंतीतच फायरप्लेस, वर धुराडं. कधी स्वतः न रांधलेल्या माणसाचं घर ते.

स्वातंत्र्य आलं, संस्थान गेलं, साहेब विलायतेला गेला. संस्थानं विलीन होऊन झालेल्या मध्यभारत राज्याच्या सरकारनं बंगला वडिलांच्या कचेरीला दिला. पुढे कचेरी, मागे जेवणघर आणि दोन खोल्यांत आम्ही. आईचं सोवळं कडक. शिजलेलं अन्न उघड्या अंगणातून, लोकांच्या वर्दळीतून आणायला ती तयार नव्हती. ते सोवळं मला कधीच पटलं नाही, पण तिनं पहिल्याच दिवशी फायरप्लेसमध्ये चूल मांडली आणि धूर सरळ वर गेला. एवढी अक्कल त्या घरात आधी कुणी दाखवली नव्हती.

मग मध्यभारतही गेला, मध्य प्रदेश झाला. राजधानी भोपाळ, वडिलांची बदली तिकडेच. बंगल्याचा ताबा घ्यायला आलेल्या अधिकाऱ्यानं चुलीच्या धगीनं काळी पडलेली फायरप्लेसची भिंत पाहिली आणि साऱ्या कचेरीदेखत आईला म्हणाला, "ये बंगला है, धर्मशाला नहीं. दीवार साफ़ होगी, तभी जाने दूँगा."

वडील खाली मान घालून "जी साहब" म्हणाले. त्याचा राग मला अजून आहे. आई विटेचा भुगा आणि चिंधी घेऊन बसली. बोटं सोलवटली तरी काजळी निघेना. शेवटी टांगेवाला खोळंबला म्हणून वैतागून त्या अधिकाऱ्यानं आम्हाला सोडलं.

गेल्या हिवाळ्यात मी तिकीट काढून आत गेले. गाइड सांगत होता, मेमसाहेब इथे हात शेकायची, ही काजळी तेव्हाचीच, जशीच्या तशी जपली आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "ये मेरी माँ के चूल्हे की है."

तो हसला. लोक इंग्रजाचं घर बघायला येतात, माताजी, असं मला समजावू लागला. मी फायरप्लेसपुढे आडवी बांधलेली दोरी ओलांडली आणि त्या काळ्या भिंतीवर तळवा टेकला. तो धावत आला.

"हाथ मत लगाइए. ऐतिहासिक धरोहर है."

मी हात काढला नाही.